एकोणीस मुलाखती झाल्या, आता करायचं काय? (पीएचडी आणि गुणात्मक संशोधन)

रानजाई

नमस्कार मंडळी. कितीतरी वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज अडलंय म्हणून लिहितेय.

मी एका सीनियर कॉलेजात शिकवते. समाजकार्यात पीएचडी चालू आहे, चौथं वर्ष. विषय असा: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली जी लेकरं हंगामात गावीच मागे राहतात, त्यांना सांभाळणाऱ्या आज्या. साखरशाळा (कारखान्यांजवळच्या हंगामी शाळा), हंगामी वसतिगृहं यांवर वाचायला मिळतं. आजी मात्र सगळीकडे एका वाक्यात येते आणि जाते, म्हणून हा विषय घेतला.

मराठवाड्यातल्या दोन तालुक्यांत मिळून १९ मुलाखती झाल्या. सगळ्या स्वतः ऐकून उतरवल्या. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास लागले (शेळ्या, मिक्सर आणि लाउडस्पीकरवरचा हरिपाठ धरून). आता माझ्यासमोर २८० पानं आहेत आणि मी त्यांच्याकडे बघतेय, ती माझ्याकडे.

गाइड सर भला माणूस. पण त्यांची हयात प्रश्नावल्यांत गेली. प्रत्येक भेटीत विचारतात, "हायपोथिसिस लिहिलं का?" (म्हणजे आधीच मांडून मग तपासायचं गृहीतक.) मागच्या प्रगती अहवालाच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, "मॅडम, कथा छान आहेत. संशोधन कुठंय?" दुसऱ्यांनी सुचवलं की नमुना किमान ३८४ करा.

कोर्सवर्कमध्ये गुणात्मक संशोधनाला (आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यातून अर्थ शोधणं) एक दुपार होती. बारा स्लाइड. शेवटच्या स्लाइडवर "हे संशोधन व्यक्तिनिष्ठ असते" आणि मग चहा.

एका व्हिडिओत बघून मी महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करायला घेतल्या. आता सगळीच पानं पिवळी झालीत.

तर प्रश्न सरळ आहे. तुमच्यापैकी ज्यांनी हे केलंय, त्यांनी ते शिकलं कुठे? पुस्तकांची नावं नकोत, ती घरात दोन फूट उंच झालीत.

---

तिरपागडा

पहिला! बूड टेकवून बसलोय.

३८४ हा आकडा मला लग्नातल्या ताटांच्या हिशोबासारखा वाटतो. कुठून आला कोणालाच माहीत नसतं, पण केटरर ठाम असतो.

---

आकडेबहाद्दर

कुठून आला ते सांगतो. १९७० साली क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी एक तक्ता छापला. लोकसंख्या दहा लाख असेल तर ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चुकीची मुभा धरून ३८४ माणसं पुरतात. त्याचा उपयोग एखादं प्रमाण काढायला. "किती टक्के आज्या एकट्या आहेत" हे विचारायचं असेल तर ३८४. "एकटं राहणं म्हणजे काय" याच्याशी त्या तक्त्याचा काही संबंध नाही. हे मी संख्याशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून सांगतोय, त्यामुळे तुमच्या समितीला माझा दाखला खुशाल द्या.

आता दुसरी बाजू. मी परीक्षक म्हणून वाचलेल्या "गुणात्मक" प्रबंधांतल्या बहुतेकांत पंधरा मुलाखती असतात, प्रश्नावलीतल्या प्रत्येक प्रश्नाखाली दोन-दोन वाक्यं चिकटवलेली असतात आणि त्याला "थीम" म्हणतात. कशावरून निवडली ही वाक्यं? विरुद्ध बोलणारं कोणीच नव्हतं? उत्तर नाही. गणित नको म्हणून इकडे आलेले खूप आहेत. राग मानू नये.

---

पिंपळपान

बहाद्दर, राग नाही. तुम्ही सांगताय तो रोग खरा आहे, निदान मात्र वेगळं. हे लोक गणिताला घाबरून येतात असं मला वाटत नाही. पहिलीपासून पदवीपर्यंत आपण "योग्य उत्तर लिहा" यावरच वाढलोय. मग कोणी २८० पानं पुढ्यात टाकून म्हणतं, यात काय आहे ते तू सांग, आणि मागे उत्तरसूची नाही. माणूस घाबरतो आणि प्रश्नावलीच्या आश्रयाला जातो. मी मानसशास्त्रात केलं. पहिलं दीड वर्ष मी हेच केलं.

रानजाई, व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांचा थीम कशा काढायच्या यावरचा २००६ चा लेख तुमच्या त्या दोन फुटांत असणारच. सहा पायऱ्या सगळे त्यातूनच उचलतात. पण त्या दोघी तेव्हापासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतायत आणि ती कोणी उचलत नाही: थीम, म्हणजे मुलाखतींमधलं समान सूत्र, मजकुरात पडलेली नसते, वेचायला. ती तुम्ही घडवता, आणि का तशी घडवली हे सांगायची जबाबदारीही तुमचीच. "थीम्स उदयास आल्या" असं प्रबंधात लिहू नका.

---

तिरपागडा

उदयास यायला थीम म्हणजे काय तेजस्वी बालक आहे का.

---

जुनाखोडकर

मी निवृत्त गाइड. अकरा विद्यार्थी पार केले, त्यातल्या चौघांचं काम गुणात्मक होतं. म्हणून थोडं गाइडच्या बाजूने.

तुमच्या सरांनाही हे कोणी शिकवलेलं नाही. आमच्या काळी पद्धतीचा पेपर म्हणजे नमुना निवड, काय-वर्ग आणि टी-टेस्ट या आकड्यांच्या चाचण्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत कोर्सवर्कला किमान १२ क्रेडिट आहेत, पण पोहणं फळ्यावर शिकवून उपयोग काय. माझी पहिली गुणात्मक विद्यार्थिनी आली तेव्हा मी तिला सांगितलं, बाई, मला यातलं येत नाही, दर शनिवारी एक मुलाखत घेऊन ये, दोघं वाचू. पहिल्या शनिवारी तीन तासांत दीड पान झालं. ते दीड पान ज्याने असं वाचलंय त्यालाच विचारा की हे शिकतात कुठे. एकट्याने होत नाही हे. गवई घराण्यात राहून शिकतो तसं आहे, पुस्तकात राग सापडतो, गाणं नाही.

---

थेम्सकाठी

खोडकर सरांशी सहमत. मी इंग्लंडमध्ये नर्सिंगमधली पीएचडी केली. इथे सगळं आलबेल असतं असं समजू नका, माझ्या पर्यवेक्षकांनीही "ग्राउंडेड थिअरी कर" (म्हणजे जमवलेल्या माहितीतूनच सिद्धांत घडव) म्हणून सोडून दिलं होतं. वाचवलं ते दर पंधरवड्याच्या वाचनगटाने. पाच जणी, पाच विषय, एकच ट्रान्स्क्रिप्ट (उतरवलेली मुलाखत).

ग्राउंडेड थिअरीची मजा सांगते. ग्लेझर आणि स्ट्राउस यांचं पुस्तक १९६७ चं, पण त्या आधी दोघं रुग्णालयांत मरणाच्या दारातल्या रुग्णांचा अभ्यास करत होते. प्रश्न असा: आपण मरणार हे रुग्णाला माहीत आहे का, नर्सला माहीत आहे का, आणि सगळ्यांना माहीत असून सगळेच माहीत नसल्याचं सोंग करतायत का? हे मी वॉर्डात रोज बघत होते. त्याला अभ्यास म्हणता येतं हे वाचून मी खुर्चीतून उठले होते. पुढे दोघा लेखकांचं पटेना. १९९० मध्ये स्ट्राउसने ज्युलिएट कॉर्बिनबरोबर नवं पुस्तक काढलं आणि १९९२ मध्ये ग्लेझरने त्यावर आख्खं पुस्तक लिहून टीका केली. त्या भाऊबंदकीत आपण विद्यार्थी भरडले जातो. कोणाची पद्धत वापरली हे व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतातच.

---

वरणफळ

अवांतर: ग्राउंडेड थिअरीला मराठीत काय म्हणायचं? माझ्या विद्यापीठात सारांश मराठीतही द्यावा लागतो. "आधारभूत सिद्धांत" लिहिलं तर आधारभूत किंमत वाटते.

---

तिरपागडा

भुईमूग सिद्धांत.

---

वरणफळ

हसून लोळले. पण खरंच चांगलं आहे की! वर नुसता पाला दिसतो, शेंगा उपटल्याशिवाय कळत नाहीत.

---

आकडेबहाद्दर

आणि उपटल्यावर झाड परत लावता येत नाही. पुनरावृत्तीचा प्रश्न. (हलके घ्या.)

---

पिंपळपान

किती मुलाखती पुरे, यावर रानजाईंच्या समितीला द्यायला: गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या. बहुतेक कोड (बोलण्यातल्या तुकड्यांना दिलेली मुद्द्यांची नावं) पहिल्या बारांतच आले होते. तेव्हापासून "बारा" हा नवा ३८४ झालाय. पण त्या स्त्रिया बऱ्याच एकसारख्या गटातल्या होत्या आणि प्रश्नही ठरलेले होते, हे सांगायला लोक विसरतात. २०१७ मध्ये हेनिंक आणि सहकाऱ्यांनी फरक दाखवला. नवे मुद्दे यायचे नऊ मुलाखतींत थांबले, पण त्या मुद्द्यांचा अर्थ नीट कळायला सोळा ते चोवीस लागल्या. तुमच्या १९ ला काही धोका नाही.

---

रानजाई

एवढे प्रतिसाद! बहाद्दर सर, तुमचा दाखला खरंच देणार आहे.

वाचनगट माझ्याकडे नाही. आमच्या केंद्रात मी सोडून सगळ्यांचं एसपीएसएस, ते आकडेमोडीचं सॉफ्टवेअर. म्हणून एक धाडस करतेय. खाली एका आजींच्या मुलाखतीतला उतारा देते, नाव-गाव काढून. तुम्हाला यात काय दिसतं ते सांगाल का?

[उतारा काढला आहे. खाली अबोलीचा प्रतिसाद पाहा. – रानजाई]

---

अबोली_७

रानजाई, थांबा. मी पत्रकार आहे, लोकांचं बोलणं छापणं हाच माझा धंदा, तरी विचारते. आजींनी संमती कशाला दिली होती? प्रबंधाला. त्यांना हा धागा माहीत आहे? नाव काढलंत, पण "दोन जुळ्या नाती आणि एक हात अधू" हे वाचून त्या तालुक्यातल्या कोणालाही कळेल. आणि ही साइट त्या तालुक्यातही उघडते.

---

गोदातीर

अबोलीताई बरोबर बोलल्या. मला कळलं.

---

रानजाई

काढला. मनापासून माफी. नीतिमत्तेच्या पेपरात मला ८४ मार्क होते. काय बोलणार.

गोदातीर, तुम्हाला वेगळी व्यनि (खासगी निरोप) केली आहे.

---

तिरपागडा

धाग्याला वळण लागलं. पॉपकॉर्न खाली ठेवला.

---

गोदातीर

व्यनि मिळाली ताई, राग नाही. लिहायचं नव्हतं, पण आता आलोच आहे तर लिहितो.

मी त्या आज्यांपैकी एकीच्या हाताखाली वाढलो. आईबाप दसरा-दिवाळीला जायचे ते चैत्राच्या आसपास परत. आमच्याकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची ती कोयत्यावर. मागं राहिलेली म्हातारी कुठल्याच कोयत्यात नसते. ती हिशोबात येत नाही. तुमचा विषय बरोबर आहे एवढं सांगतो.

पण संमतीपत्राचं काय करता? माझ्या आजीपुढं कोणी कागद आणि शाईचं पॅड ठेवलं असतं तर तिनं हात पदराखाली घेतला असता. आमच्या घरात अंगठा एकाच कामाला लागायचा. उचल.

---

रानजाई

हे मला दुसऱ्या मुलाखतीत कळलं. आजी कागद बघून आत निघून गेल्या, परत आल्याच नाहीत. मग मी समितीकडे अर्ज करून तोंडी संमती रेकॉर्डवर घ्यायची परवानगी काढली. सात आठवडे गेले. पण त्या एका "आत गेल्या" ला मी फक्त "मुलाखत रद्द" असं लिहिलंय.

---

आकडेबहाद्दर

एक मिनिट. अशा किती?

---

रानजाई

नकार एकूण चार.

---

आकडेबहाद्दर

सर्व्हेत प्रतिसाद न देणाऱ्यांचा वेगळा हिशोब ठेवावा लागतो, कारण तेच बहुधा वेगळे असतात. तुमच्या शास्त्रात ती पद्धत नाही का? १९ मुलाखतींमागे ४ नकार हा छोटा आकडा नाही. मी तुमच्या जागी असतो तर २८० पानं बाजूला ठेवून आधी हे चौघींचं पान लिहिलं असतं.

---

पिंपळपान

बहाद्दर, तुम्ही हळूच गुणात्मक होताय बरं का.

---

आकडेबहाद्दर

अजिबात नाही.

---

वरणफळ

उताऱ्याची गोष्ट अर्धीच राहिली म्हणून माझ्याकडचं एक वाक्य देते. माझ्या सख्ख्या आजीचं, साताऱ्याकडची. ती गेली २०१९ साली. तिला मी विचारून ठेवलं होतं की तुझ्यावर लिहीन, ती म्हणाली होती, "लिही की, पण बरं लिही." तेव्हा संमती आहे.

प्रश्न होता: आजी, बरं चाललंय ना?
उत्तर: "मला काय धाड भरलीय? बसल्या जागी मिळतंय."

करा कोडिंग.

---

आकडेबहाद्दर

जीवनमानाबद्दल समाधान: पाचपैकी पाच.

---

तिरपागडा

तब्येत ठणठणीत, आवाजही ठणठणीत.

---

थेम्सकाठी

मी इंग्रजीत करून बघते. "मी ठीक आहे, मला बसल्या जागी सगळं मिळतं." बघा, लगेच मेलं. माझ्या प्रबंधात हेच झालं होतं. इथल्या मराठी नर्सेसच्या मुलाखती मराठीत घेतल्या, पर्यवेक्षकांसाठी इंग्रजी केल्या, आणि कोडिंग इंग्रजीवर केलं. आठ महिन्यांनी मूळ रेकॉर्डिंग परत ऐकलं तर निम्म्या ठिकाणी "म्हणायचं" होतं. "बरं चाललंय" आणि "बरं चाललंय म्हणायचं" यात किती अंतर आहे! मी दोन्हीचं इंग्रजी एकच केलं होतं. सगळं कोडिंग मोडून पुन्हा मराठीवर केलं. रानजाई, तुमचं विद्यापीठ इंग्रजीत प्रबंध मागत असेल तरी कोडिंग मराठीवरच करा, शेवटी वापरायची तेवढी वाक्यंच इंग्रजी करा.

वरच्या वाक्यात मला "धाड भरलीय" मध्ये चीड दिसते. कोणीतरी सारखं विचारतंय आणि बाई कंटाळली आहे.

---

गोदातीर

मला समाधान दिसत नाही. जन्मभर राबलेल्या बाईला बसल्या जागी मिळणं म्हणजे उपकाराचं खाणं. माझी आजी हेच वाक्य म्हणायची आणि लगेच उठून शेण काढायला जायची.

---

पिंपळपान

आता बघा रानजाई, एका वाक्याला दोन वाचनं झाली आणि दोन्ही वेगवेगळ्या आयुष्यांतून आली. बहाद्दर आणि तिरपागडा यांनी चेष्टेत दिलेली धरून चार. यातलं बरोबर कोणतं ही माझी सुद्धा पहिली प्रतिक्रिया असायची.

---

आकडेबहाद्दर

पण काहीतरी एक बरोबर असलंच पाहिजे. नाहीतर मी उद्या म्हणेन आजी मंगळावर जायचं म्हणतेय.

---

वरणफळ

बहाद्दर, आहे. थोडं लपवून ठेवलं होतं.

आजी हे बोलली तेव्हा दारात काकू उभी होती. आजी तिच्याकडे राहायची. प्रश्न मी विचारला, उत्तर काकूला होतं. काकू आत गेल्यावर आजी मला म्हणाली, "एक गुळाचा खडा मागावा लागतोय."

पहिल्या वेळी मी फक्त रेकॉर्डिंग ऐकलं होतं. रेकॉर्डरला दार दिसत नाही. वहीत मी "काकू दारात" असं दोन शब्द खरडून ठेवले होते म्हणून वाचले.

---

तिरपागडा

...

(आज विनोद नाही.)

---

जुनाखोडकर

वरणफळ यांना दंडवत. हे एक उदाहरण बारा क्रेडिटांना भारी आहे.

वहीवरून आठवलं. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात मुक्काम केला. (गावाचं हे नाव त्यांनी दिलेलं, खरं वेगळं.) पुढे १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला बसून पुस्तक लिहिणार, तर एप्रिलमध्ये तिथल्या इमारतीला कोणी आग लावली आणि वर्षानुवर्षं लावून ठेवलेल्या टिपणांच्या तयार प्रती जळाल्या. मग त्यांनी आठवणीतून लिहिलं. "द रिमेम्बर्ड व्हिलेज" १९७६ चं. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा पोरं म्हणायची, सर, म्हणजे टिपणं नसली तरी चालतं! मी म्हणायचो, आधी महिनोन्महिने त्या गावात राहून ये, मग जाळ.

---

अबोली_७

आणि आता बॅकअप घ्या. पण बॅकअप कुठे घेता तेही बघा, कुटुंबाच्या ग्रुपवर नको. हसू नका, बघितलंय.

---

नवखा_संशोधक

सर्वांना नमस्कार. पहिलाच प्रतिसाद. एवढं कशाला करायचं? ट्रान्स्क्रिप्ट एआयला द्या, पाच मिनिटांत थीम्स येतात. मी केलं.

---

थेम्सकाठी

आल्या ना "उदयास".

---

रानजाई

नवखा, मी रेकॉर्डिंगवर एक अ‍ॅप वापरून बघितलं होतं. "उचल" चं "उज्ज्वल" करून दिलं. "मुकादमाने उज्ज्वल दिली." भविष्यच उज्ज्वल. शिवाय आज्यांचा आवाज कुठल्या सर्व्हरवर गेला ते मला सांगता येत नाही, म्हणून पहिल्या फाइलनंतर बंद केलं.

---

नवखा_संशोधक

ओके. पण मुदत सहा वर्षं आहे हो. दारात कोण उभं होतं ते शोधत बसलो तर नोकरी कोण देणार? तुम्ही सगळे आधीच नोकरीत आहात असं दिसतंय.

---

पिंपळपान

हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. माझी फेलोशिप संपल्यावर शेवटचं वर्ष मी शिकवण्या घेऊन काढलं. गुणात्मक काम वेळ खातं आणि तो वेळ कोणाच्याच वेळापत्रकात धरलेला नसतो. सहामाही अहवालात "या सहा महिन्यांत दोन कोड मोडून एक केला" असं लिहून बघा, काय होतं ते.

नवखा, यंत्राने काढलेले विषय तुम्ही स्वतःच्या वाचनाशी वाद घालायला वापरा हवं तर. पण व्हायव्हात "हे कशावरून?" विचारतील तेव्हा तिथे तुम्ही एकटे असाल. मी कोड बदलला की तारीख घालून वहीत एक ओळ लिहायचे, का बदलला. परीक्षकांनी तीच वही मागितली. सॉफ्टवेअरबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही.

---

आकडेबहाद्दर

ती वही मला पटते. माझ्या पहिल्या प्रतिसादातली अर्धी तक्रार तीच होती. लोकांकडे वही नसते.

---

रानजाई

तीन दिवस गायब होते कारण सगळ्या १९ रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची दहा-दहा मिनिटं पुन्हा ऐकली. फक्त एवढंच शोधत, की आजूबाजूला कोण आहे. अकरा ठिकाणी दुसऱ्या कोणाचा तरी आवाज आहे. चार ठिकाणी शेजारीण. पाच ठिकाणी लेकरं. दोन ठिकाणी पुरुषाचा, एकदा स्पष्ट, "सांग की, सरकार काय देतंय विचारतीया बाई." म्हणजे मी त्यांना सरकारची माणूस वाटले होते, आणि आजींनी पुढचे पंधरा मिनिटं मला फक्त रेशन आणि घरकुलाबद्दल सांगितलं. त्या पंधरा मिनिटांना मी "योजनांविषयी जागरूकता" असा कोड दिला होता!!

पिवळा रंग सगळा पुसलाय. म्हणजे नव्या प्रिंट काढल्यात, साडेसहाशे रुपये.

---

तिरपागडा

पुढच्या वेळी फिकट रंग घ्या.

---

वरणफळ

रानजाई, शनिवारी रात्री नऊला ऑनलाइन बसूया का? मी, थेम्सकाठी (तिथे दुपार असेल), पिंपळपान. एका वेळी एक पान. संमतीचं काय ते आधी तुमच्या समितीला विचारून घ्या, गोपनीयतेचा कागद आम्ही सही करून देऊ. अंगठा म्हणाल तर अंगठा.

---

*(दोन महिन्यांनी)*

नवखा_संशोधक

धागा वर काढतोय. रानजाईताई, पुढे काय झालं? माझा सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) परत आलाय, "कार्यपद्धती अस्पष्ट" म्हणून. वही घेतली आहे.

---

रानजाई

शाबास. वहीची पहिली ओळ ती लिही, सिनॉप्सिस परत आला.

आमचा शनिवार सुरू आहे. परवानगीला पाच आठवडे गेले, त्यामुळे तीनच बैठका झाल्या. साडेचार पानं. खोडकर सर पण येतात, कॅमेरा छताकडे करून.

मधल्या काळात त्या चार नकारांकडे परत गेले. रेकॉर्डर नाही, कागद नाही. एक घर बंद होतं. एकीने दारातूनच हात जोडले, मी परतले. तिसऱ्या त्याच, कागद बघून आत गेलेल्या. म्हणाल्या, "मागच्या टायमाला तू कागद घिऊन आली व्हतीस." एवढं बोलून चहा ठेवला. मी काही विचारलं नाही. तास-दीड तासाने त्याच बोलल्या. त्यांच्याकडे सांभाळायला लेकरूच राहिलेलं नाही. थोरल्या नातीचं लग्न लावलं, धाकटा आईबापाबरोबर फडावर जातो. मी जिथे तिथे "मागे राहिलेली मुलं" विचारत फिरत होते, या बाईने काय सांगावं? चौथ्या घरीही साधारण तेच.

यातलं काय लिहायचं आणि काय नाही हे अजून ठरलेलं नाही. त्यांना विचारूनच ठरवेन. इथेही यापुढे लिहिणार नाही, अबोली रागवेल.

परवा गाइड सरांकडे गेले होते. सवयीने विचारलं, "३८४ पैकी किती झाले?" मी म्हटलं, सर, एकोणीस आणि चार नकार. नकारांवर वेगळं प्रकरण करायचं म्हणतेय. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "हायपोथिसिस नाहीच का मग?" मी म्हटलं नाही. "बरं, ते चौघींचं आधी लिहून आण. मला वाचायचंय."

---

आकडेबहाद्दर

मलाही पाठवा. तक्ता नसला तरी वाचेन.

---

गोदातीर

ताई, दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. आईनं यंदा नाही म्हटलंय पण ती दरवर्षी म्हणते. तुम्ही गावाकडं येणार असाल तर कळवा. आमच्या शेजारची म्हातारी बोलकी आहे. फक्त सकाळी या, संध्याकाळी मुकादमाचा भाऊ ओट्यावर बसलेला असतो.